शकूचं लुगडं आणि चौदा नंबरचं पाणी

भामा घरतला सरकारी नेमणूक मिळाली ती तिच्या भांडखोरपणामुळे.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या चैत्रात मुंबईचा एक तरुण साहेब पनवेलच्या स्टँडवर उतरला आणि भाड्याची सायकल खाजणातल्या शेतांच्या बांधावरून ढकलत ढकलत गव्हाणच्या बाजूच्या त्या खाडीकाठच्या गावात आला. त्याचं नाव आठल्ये. मासळीवर संशोधन करणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत तो नोकरीला होता. खाडीचं पाणी कधी निवळ असतं, कधी हिरवं होतं, याची रोज नोंद ठेवणारं माणूस त्याला हवं होतं. चावडीवरच्या मंडळींनी त्याला चहा पाजला आणि पाणी बारा महिने सारखंच असतं असं सांगून टाकलं. नेमकी तेव्हाच भामा डोक्यावर खुब्या-शिंपल्यांची पाटी घेऊन खालून चालली होती. तिनं ते ऐकलं आणि पाटी धाडकन खाली ठेवली.

"सारकं? तुमी हितं बसून बिड्या ओढनार, तुमाला सारकंच दिसनार! होलीला पानी निवल, आखाडात चहावानी, आन भात पिवलं पडाया लागलं का कुजल्या वालाच्या पान्यावानी. दोन येला त्या चिकलात मी उबी अस्ते. मना इचारा!"

मंडळींनी साहेबाकडे बघून हसत मान हलवली, बाई अशीच आहे, मनावर घेऊ नका, अशा अर्थानं. आठल्ये साहेबांनी मात्र वही उघडली आणि विचारलं, "भात पिवळं पडल्यावर म्हणजे नेमकं कधी, बाई?"

आपल्याला कुणी 'नेमकं कधी' असं विचारावं, ही गोष्ट भामाच्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होती. ती तिथंच दगडावर बसली आणि तासभर बोलत राहिली. पाटीतले खुबे उन्हात उघडून बसले. महिन्याभरात टपालानं कागद आला. त्यावर लिहिलं होतं, 'निरीक्षक (पाणी), हंगामी'. गावानं त्याचं 'पान्याची इनिसपेक्टर' केलं.

कामाचं सामान साहेबांनी स्वतः आणून दिलं. एका दोरीला बांधलेली पांढरी थाळी होती. ती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी किती हात गेली ते मोजायचं. पहिल्या दिवशी ते बघायला निम्मं गाव बांधावर जमलं, आणि भामा खाडीला जेवायला वाढते, अशी बातमी संध्याकाळपर्यंत मिठागरापर्यंत पोचली. दुसरी वस्तू म्हणजे लाकडी पेटी. तिच्यात एकवीस बंद काचनळ्या होत्या, निळ्यापासून निघून हिरव्या, पिवळ्या होत शेवटी पार तपकिरी. थाळीवरचं पाणी ज्या नळीशी जुळेल तिचा नंबर सांगायचा. भामाला लिहिता येत नसे, म्हणून शाळेतले बळीराम गुरुजी संध्याकाळी तिच्याकडून ऐकून वहीत उतरवत. साहेबांची सूचना एकच होती. "भामाबाई, तुम्हाला काय वाटतं ते लिहू नका. जे जुळलं तेच लिहा."

हे सगळं कशासाठी, असं तिनं दुसऱ्याच भेटीत विचारलं. साहेब बांधावर बसून समजावू लागले. पाण्यात खत येतं. ऊन मिळालं की त्या खतावर डोळ्याला न दिसणारं शेवाळ वाढतं. त्याला बारीक किडे खातात, किड्यांना मासे. जे मरतं ते तळाशी कुजतं आणि त्याचं पुन्हा खत होतं. शेवाळ बेसुमार वाढलं तर पाणी नासतं, मासळी मरते. खत किती, ऊन किती, खाणारे किती हे आकड्यांत मांडलं तर पाणी कधी हिरवं होणार ते आधीच सांगता यावं. तो हिशोब ते बसवत होते.

भामानं थोडा विचार केला. "म्हंजे घरात खानारी तोंडं किती, कोन किती खातो, कनगीत भात किती, हे ठावं आसलं का कनगी कवा रिती व्हनार ते आदीच सांगता येतं. तसंच ना?"

"अगदी तसंच."

"मग येवढ्याला मुंबईची शाला कशाला लागते?" ती म्हणाली.

पावसाळा सरत आला. भाद्रपदात एक दिवस ती मुंबईला पाठवायच्या नमुन्याच्या बाटल्या घेऊन बांधावरून उतरत असताना तिचा पाय सटकला. ती मांडी घालून बसावं तशी चिखलात बसली, आणि बसली ती नेमकी पेटीवर. उठून बघते तर एकवीस नळ्यांतली एकही धड नव्हती. निळं, हिरवं, तपकिरी, सगळं मिळून चिखलात एक डबकं झालं होतं.

भामा घाबरली, पण गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हती. तुकडे गोळा करून तिनं पेटी पुन्हा बंद केली आणि तशीच घरी आली. चार महिने रोज दोनदा बघून नळ्यांचे रंग तिला पाठ झाले होते. पण नळी नसताना नळीचा नंबर सांगायचा म्हणजे खोटं बोलणं. जे जुळेल तेच लिहा, असं साहेबांनीच सांगितलं होतं. मग तिच्याजवळ जुळवायला होतं काय? अंगणातल्या दोरीवर घरातल्या आणि शेजारच्या बायकांची लुगडी वाळत होती. पाच नंबरच्या नळीसारखं मालूचं नवं लुगडं होतं. नऊ नंबर म्हणजे वेणूचं. आणि चौदा नंबर, तो हिरवट तपकिरी, म्हणजे हुबेहूब तिच्या धाकट्या जावेचं, शकूचं लुगडं. शकूनं ते पनवेलच्या बाजारात सगळं दुकान खाली काढायला लावून पसंत केलं होतं.

त्या संध्याकाळी गुरुजींनी विचारलं, "नंबर?"

"वेनूचं लुगरं," भामा म्हणाली.

गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. पण सरकारी वहीत सांगितलेला शब्द बदलायचा नाही, हा त्यांचा नियम होता. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'रंग : वेणूचे लुगडे.' दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'वेणूचे लुगडे, धुण्यापूर्वीचे.' आश्विन उजाडला तसं, 'शकूचे लुगडे.' मग सलग नऊ दिवस, 'शकूचे लुगडे, त्याहून घाण.'

वही मुंबईला पोचली त्याच्या चौथ्या दिवशी आठल्ये साहेब बांधावर हजर झाले. सायकल त्यांनी निम्म्या वाटेत टाकून दिली होती. भामानं पेटी उघडून दाखवली. साहेबांनी आत बघितलं, मग वहीत बघितलं, आणि दोन्ही हातांनी डोकं धरून ते खाली बसले. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. साहेब रडतात असं वाटून भामा घाईनं पुढं झाली. जवळ जाऊन बघते तर हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"भामाबाई, नवी पेटी परदेशातून यायची. परवाना मिळून ती येईपर्यंत वर्ष जाईल. प्रयोगशाळेतली दुसरी पेटी मी दोन दिवसांसाठी घेऊन येतो. लुगडी मांडू आणि सरळ जुळवून घेऊ."

ठरल्या दिवशी बांधावर लुगडी मांडायची आहेत, ही दवंडी भामानं स्वतः घरोघर फिरून दिली, आणि गावात एकच गोंधळ उडाला. लढाईच्या काळात कापडावर रेशन होतं, ते म्हाताऱ्यांच्या अजून लक्षात होतं. सरकार लुगडी मोजून जास्तीची घेऊन जाणार असं काहींनी ठरवलं आणि चांगली लुगडी भाताच्या कनगीत लपवली. काहींना उलट वाटलं. आपलं लुगडं सरकारदफ्तरी लागायचं म्हणून मालू हळदीकुंकवाचं ठेवणीतलं घेऊन आली आणि ते पहिल्या जागी मांडा म्हणून हटून बसली. बांधावर वीसेक लुगडी पसरली, वर दगड ठेवले. मुंबईचा साहेब हातात काचनळी धरून एकेका लुगड्याजवळ उकिडवा बसायचा, एक डोळा मिटायचा आणि ओरडायचा, "मालूबाई, पाच!" की मालू सगळ्यांकडे बघून घ्यायची.

"शकूबाई, चौदा!"

"चौदा म्हंजे चांगलं ना?" शकूनं विचारलं. एवढा मोठा नंबर म्हणजे तिला भूषणच वाटलं.

साहेब सरळ मनाचा माणूस. "चौदा म्हणजे पाणी नासायला लागलं," ते म्हणाले.

शकूनं बांधावरचं लुगडं ओढून घेतलं. दगड गडगडत खाडीत गेला. "वासानं नाकं धरतात त्या पान्याला माजं नाव? भामाबाय, तुमाला सगल्या गावात माजंच लुगरं गावलं?"

"आगं, रंगच तसा हाय त्याला मी काय करू? मी काय रंगवला?" भामानं समजूत काढायच्या ऐवजी खरं ते सांगितलं, आणि त्यानंतर दोन महिने दोघी जावा एकमेकींशी बोलल्या नाहीत. लुगडं मात्र रोज अंगणातल्या दोरीवर असे, त्यामुळे निरीक्षण चालू राहिलं.

आता खरी गंमत पुढं झाली. मार्गशीर्ष सुरू झाला आणि वहीत नोंदी येऊ लागल्या, 'शकूच्या लुगड्याइतके.' मग, 'शकूच्या लुगड्याहून जरा काळे.' मग, 'शकूच्या लुगड्याहून पुष्कळ काळे.' भामाला स्वतःला ते विचित्र वाटत होतं. पाणी तर बघायला नेहमीचं होतं, थाळीही पहिल्यासारखीच दोन हातांवर दिसत होती. तिनं गुरुजींना तसं सांगितलंही. पण वहीत 'वाटते' असा रकाना नव्हता. जुळवून बघितलं की पाणी लुगड्याहून काळं, हे खरंच होतं, आणि तेच लिहिलं गेलं.

मुंबईत आठल्ये साहेबांची झोप उडाली. थंडीत पाणी हिरवं व्हायला खत येत होतं कुठून? त्यांचा हिशोब तर सांगत होता की पाणी निवळायला हवं. थाळीची नोंद जुळत नव्हती, ते त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि थंडीतल्या बाटल्या अजून तपासायच्या होत्या. पण आपल्या मनातली गोष्ट खरी व्हावी असं वाटू लागलं की माणसाला कारणं सुचत जातात, तशी त्यांनाही सुचली. त्यांनी जुना हिशोब खोडला, नव्यानं मांडला, त्यात तळातल्या गाळाची आठ पानं घातली आणि प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांना कळवलं की पनवेलच्या खाडीत हिवाळ्यात शेवाळाचं असं पीक येतं की ज्याची कुठं नोंद नाही.

पौषात मोठे साहेब होडीतून आले. पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट होते. होडीतून वाकून त्यांनी पाण्यात बघितलं. पाणी आकाश दिसेल इतकं शांत आणि साधं होतं. त्यांनी बाटली भरली, उजेडात धरली आणि विचारलं, "आठल्ये, पीक कुठे आहे?"

आठल्ये साहेबांनी भामाकडे बघितलं. भामा आधीच घराकडे धावत सुटली होती. ती परत आली तेव्हा तिच्या एका हातात शकूचं लुगडं होतं आणि दुसऱ्या हातानं तिनं शकूचं मनगट धरलं होतं.

"सांग सायबाला. काय केलंस याला?"

शकू आधी मोठ्या साहेबांच्या बुटांकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "सोडा घालून उकल्लं. दर सोमवारी. मना नको ते चौदा."

दोन महिन्यांत ते लुगडं चौदावरून पार सातावर उतरलं होतं. पाणी होतं तिथंच होतं, लुगडंच उजळत गेलं होतं. मोठ्या साहेबांनी बाटलीतलं पाणी खाडीत ओतलं. होडीत बसताना त्यांचा एक बूट चिखलात राहिला, तेवढं एक 'अरेरे' म्हणाले.

होडी वळणाआड गेली. आठल्ये साहेब बांधावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. भामानं समोर तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण ठेवलं. तिला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, कारण एकही नोंद तिनं खोटी केली नव्हती.

"तुमचं काही चुकलं नाही," साहेब म्हणाले. "मोजपट्टी विटते की नाही हे बघणं माझं काम होतं. थाळी ओरडून सांगत होती, मी ऐकलं नाही." भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ते पुढे म्हणाले, "थंडीचं जाऊ द्या. पण आश्विनातलं खरं होतं, बाटल्यांतही आलं. दर आश्विनात कुठूनतरी एकदम खत येतं. पनवेलची गटारं बघितली, नद्यांचे आकडे बघितले. पाऊस तर तेव्हा संपलेला असतो. तो एक आकडा मला सापडत नाही."

"तो उगाडीतनं येतो," भामा म्हणाली.

"कुठली उघाडी?"

"आवो, बांधातलं पान्याचं दार! पावसाचं गोडं पानी चार महिने शेतात कोंडलेलं अस्तं. शेन, पालापाचोला, कुजलेलं तन, सगलं त्याच्यात. भात पिवलं पडलं का ओहोटीला उगाडीच्या फल्या काडायच्या, पानी खाडीत. आमचे हे काडतात. गावानं त्यांनाच नेमलंय."

साहेबांच्या हातातला तुकडा कालवणात पडला. "तुमचे यजमान? आणि मग पाणी कधी हिरवं होतं?"

"पाचव्या-साव्या दिवशी. सगल्यांना ठावं हाय."

"मग वर्षभरात मला एकदा तरी सांगायचं होतं!"

"तुमी पान्याचं इचारलंत," भामा म्हणाली. "नवऱ्याचं कवा इचारलंत?"

वर्षभर ज्या आकड्यासाठी साहेबांनी कागदांचे ढीग खरडले होते, तो आकडा त्या वेळी ओसरीत घोरत पडला होता. त्याला उठवण्यात आलं. धर्मराज घरत हा शांत आणि आळशी माणूस होता. आपण काढलेल्या फळ्यांमुळे मुंबईची शाळा अडून बसली आहे हे कळल्यावर तो आधी घाबरला, आणि मग इतका फुगला की भामाला त्याला उघाडी बंद करून ठेवल्यासारखं गप्प करावं लागलं. किती फळ्या, किती ओहोट्या, शेतात पाणी किती बोटं, हे सगळं साहेबांनी त्याच्याकडून लिहून घेतलं. नव्या हिशोबाच्या कागदावर त्यांनी एका अक्षराखाली रेघ मारली. ते काय, असं भामानं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "हे तुमचे यजमान." तिनं कागद उलटसुलट करून बघितला. "बरा दिसतो," ती म्हणाली.

पुढच्या आश्विनात नवी पेटीही आली होती. धर्मराजनं धुवट सदरा घालून, गुरुजींच्या घड्याळावर वेळ बघून फळ्या काढल्या. साहेबांच्या हिशोबानं पाचव्या दिवशी पाणी हिरवं व्हायला हवं होतं, आणि त्या दिवशी मोठे साहेब पुन्हा येणार होते.

चौथ्या दिवशी भामानं सांगितलं, "उद्या व्हनार नाय. परवा."

"का?"

"आबाल आलंय तीन दिस. माजी सुकट वाललेली नाय. तिला ऊन नाय तर तुमच्या शेवालाला कुठलं?"

साहेबांनी घाईनं कागद काढला. उन्हाचे आकडे त्यांनी मुंबईच्या सरासरीचे धरले होते. पनवेलच्या डोक्यावर आभाळ आलं आहे, हे त्या सरासरीला कुठून कळणार? पण पत्र गेलं होतं. मोठे साहेब पाचव्या दिवशी वेळेवर आले, साधं पाणी बघितलं, धर्मराजच्या घरी कालवण-भात पोटभर जेवले आणि वाटेत लागलेल्या शकूला "सोडा चांगला आहे हो तुमचा" असं सांगून गेले.

सहाव्या दिवशी सकाळी खाडी हिरवीगार झाली होती. ती बघायला मोठे साहेब नव्हते. आठल्ये होते, कारण आदल्या दिवशीची शेवटची एस्टी चुकल्यामुळे ते शाळेत मुक्कामाला होते. ते अनवाणी धावत बांधावर आले. भामा तिथं थाळी पाण्यात सोडत होती. मग साहेबांनी पिशवीतून पितळेचं छोटं सूक्ष्मदर्शक काढलं, पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवला आणि भामाला म्हणाले, "आता तुम्ही बघा."

भामानं एक डोळा मिटला. आत काचेच्या बांगड्यांचे तुकडे ओळीनं मांडावेत तसं काहीतरी होतं, लांबट, गोल, कोरीव, एकाला एक जोडलेलं, आणि त्यातून एक पायवाला किडा घाईनं वाट काढत चालला होता. ती कितीतरी वेळ वर आलीच नाही. जन्मभर ज्या पाण्यात ती गुडघाभर उभी राहिली होती, त्याच पाण्याचा तो एक थेंब होता.

"येवडी रांगोली," ती शेवटी म्हणाली, "आन आमी त्याला घान बोलतो."

मग तिनं घरी जाऊन शकूला हाक मारली आणि हाताला धरून आणलं. शकू आधी नाक मुरडत वाकली. नंतर मात्र मागं लागलेल्या बायकांची रांग बांधाच्या वळणापर्यंत गेली, तरी ती हलायला तयार नव्हती.

ते काम एकोणीसशे त्रेसष्टपर्यंत चाललं. मग आठल्ये साहेबांची दक्षिणेकडे बदली झाली, पेटी आणि थाळी मुंबईला परत गेली. पण भामानं तोवर स्वतःपुरता एक हिशोब करून ठेवला होता. सगळं पाणी एकदम सोडलं की सगळं खत एकदम येतं, खाडी नासते आणि खुबे मरतात. तेच थोडं थोडं सोडलं तर खाणाऱ्यांना खायला वेळ मिळतो. दोन वर्षं भांडून तिनं गावाकडून कबूल करून घेतलं की उघाडी एका दिवसात उघडायची नाही, आठ दिवसांत उघडायची. त्यानंतर आश्विनात पाणी हिरवं व्हायचं, पण नासायचं नाही, आणि खुब्यांची पाटी भरायची.

धर्मराजला मात्र हे कधीच पटलं नाही. एका सकाळचं काम बायकोनं आठ दिवसांचं करून ठेवलं, असं तो भेटेल त्याला सांगायचा, आणि आठही दिवस ओहोटी लागली की उठून दोन दोन फळ्या काढायला जायचा.